कंपासपेटीतले बेदाणे

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. ज्या दैनिकात वीस वर्षं इतरांच्या चुका छापल्या, तिथल्या कुणालाही नाही. तुम्हाला सांगतो आहे — क्रमाने, जमेल तितकं नेमकं.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी तासगावजवळच्या एका हायस्कुलात नववीचा वर्गशिक्षक होतो. द्राक्षांचा भाग, निम्म्या मुलांच्या खिशात बेदाणे असायचे. वर्गात खाताना कुणी सापडलं की ते जप्त करायचे आणि शिक्षकांच्या खोलीत चहाबरोबर संपवायचे, असा आमचा रिवाज. मुलंही हसून द्यायची.

वर्गात सुनंदा होती. जूनमध्येच तिच्या वडिलांनी मला फाटकापाशी बाजूला घेतलं होतं. "पोरीला साखर हाय, सर. रोज सकाळी सुई टोचतो. साखर उतरून हातपाय कापाय लागलं की बेदाणं खाऊ द्या, डॉक्टरनं सांगितलंय. पर कुणाला बोलू नका — लगीन जमायचं न्हाई." मी हो म्हणालो. हे शब्द मला आजही पाठ आहेत. मग नंतर जे केलं, त्याला विसरणं कसं म्हणू?

फेब्रुवारीत, तिसऱ्या तासाला, तिने कंपासपेटी उघडली आणि बेदाणे तोंडाकडे नेले. मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, सुनीला सवलत हाय व्हय? आमचं तेवढं घेता!" वर्ग हसला. सगळे माझ्याकडे बघत होते. खरं कारण सांगता येत नव्हतं — पण पाठ फिरवून फळ्यावर लिहिता आलं असतं. मी हात पुढे केला. तिलाही कारण सांगता येत नव्हतं. "सर, दोन तरी," एवढंच म्हणाली. वर्ग पुन्हा हसला. मीही हसलो — हेही सांगायला हवं.

चौथ्या तासाला ती बाकावरून कोसळली. माझा तो तास मोकळा होता. निरोप आला तेव्हा मी चहाबरोबर तिचेच बेदाणे खात होतो.

जीपने तिला सांगलीला नेलं. वाचली.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांच्या खोलीत तिचे वडील उभे होते, मी बसलो होतो. आजार शाळेपासून का लपवला, असं त्यांना विचारलं गेलं. ते माझ्याकडे वळले. "ह्या सरास्नी सांगितलं हुतं की."

साक्षीदार कुणी नव्हता. त्यांनीच तशी काळजी घेतली होती. मी म्हणालो, "मला कुणी काही सांगितलेलं नाही."

ते भांडले नाहीत. मुख्याध्यापक म्हणाले, ही जोखीम शाळा घेणार नाही, दाखला घेऊन जा.

एक वाक्य मागे घ्यायला किती वेळ लागतो? दाखला निघेपर्यंत मला चार दिवस मिळाले. रोज त्या खोलीच्या दारापर्यंत गेलो. दार उघडंच असायचं.

तिला दुसऱ्या शाळेत घातलं नाही. तिच्या आजाराचं गावभर झालं होतं. जूनमध्ये मी नोकरी सोडून साताऱ्याच्या दैनिकात लागलो. तिथे पहिल्याच आठवड्यात शिकवलं — दोन्ही बाजू विचारून घ्या.

दाखला द्यायच्या दिवशी शाळेचा कारकून रजेवर होता. शाळा सोडण्याचं कारण, या रकान्यात 'पालकांच्या इच्छेनुसार' असं लिहिलेलं आहे. ते अक्षर माझं आहे.