सत्यवानाचं गाऱ्हाणं

सत्यवान बोलताना अडखळतो, हे गावात कोणाला सांगावं लागत नाही. भाई ते करून दाखवतो. भाई त्याचा सख्खा चुलत भाऊ. कट्टा या आमच्या गावच्या बसथांब्यासमोर सिमेंट-पत्र्याचं दुकान, गळ्यात जाडी चेन आणि तोंडात सदा दुसऱ्याची टवाळी. सत्यवान दिसला की हा गल्ल्यावरून ओरडणार, "स-स-सत्यवान इलो रे," आणि थांब्यावरची रिकामटेकडी माणसं पोट धरून हसणार. शाळेपासून हे चाललंय. गाव याला थट्टा म्हणतं. गावाचं काय जातं म्हणायला?

या थट्टेने माणसाचं काय केलं ते बघा. कंडक्टरसमोर 'कट्टा' हा शब्द सत्यवानाच्या तोंडून निघत नाही, म्हणून तो पुढच्या गावाचं तिकीट काढतो आणि कट्ट्यालाच उतरतो. दुकानात बोट दाखवून मिळेल तेवढंच घेतो. काजूच्या व्यापाऱ्याने भाव पाडून सांगितला तरी मान हलवतो, कारण घासाघीस करायची तर तोंड उघडावं लागतं. लग्नही लांबलं. मुलीकडची माणसं बसमधून उतरली की चौकशीला आधी भाईच्याच दुकानात जात. सीतेच्या माहेरच्यांनी कोणाला काही विचारलं नाही, म्हणून त्याचा संसार झाला.

मुलगी झाली, अवनी. तिची जीभ अगदी स्वच्छ. तरी यंदा तिने शाळेत तोंडच मिटलं. मुलं बापाची नक्कल करून तिला छळायची आणि ती नक्कल त्यांनी भाईकडूनच उचलली होती. येत असलेलं उत्तरही ती देईना, तेव्हा बाईंनी पालकांना बोलावणं धाडलं. अवनी बापाकडे न बघता म्हणाली, "बाबा, तू शाळेत येव नको." सत्यवान गेला नाही. दिवसभर तो काजूच्या बागेत नुसता बसून होता.

जत्रेला रवळनाथासमोर गाऱ्हाणं घालायचा मान त्याच्या घराचा. मानकऱ्याने हातात नारळ धरून देवाला एकेक मागणं सांगायचं, प्रत्येक मागण्याला गावाने 'व्हय म्हाराजा' म्हणायचं, आणि तो होकार आल्याशिवाय पुढे जायचं नाही. गेल्या वर्षी सत्यवानाचे वडील वारले, तो दुखवट्यात, म्हणून त्याच्याऐवजी भाईने गाऱ्हाणं घातलं आणि ते त्याला भलतंच गोड लागलं. यंदा बैठकीत तो म्हणाला की देवाला ताटकळत ठेवण्यापेक्षा मान माझ्याकडेच राहू दे. सगळ्यांच्या माना डोलल्या. सत्यवान उठला आणि गाऱ्हाणं मीच घालणार एवढं सांगायला त्याला घाम फुटला. त्याही वेळी लोक हसलेच. लाज नावाची गोष्ट या गावाने कधीच विकून खाल्ली असावी.

जत्रेच्या दिवशी देऊळ भरलं होतं. सत्यवानाने नारळ धरला. "बा द-द-देवा म्हाराजा..." मागे भाईने हळूच तसंच म्हटलं आणि खसखस पिकली. सत्यवान थांबला. वडिलांकडून पाठ केलेलं गाऱ्हाणं त्याने सोडून दिलं.

"ह्यो माझो चुलतभाव भाई," तो अडखळत, एकेक शब्द ओढून काढत म्हणाला. "शाळेपासून ह्यो माझी नक्कल करता आणि गाव हसता रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सवयीने सगळे म्हणाले आणि मग आपण कशाला होकार दिला ते त्यांच्या ध्यानात आलं.

"माझ्या चेडवान, अवनीन, बोलणां सोडल्यान रे म्हाराजा."

आता कोणी तोंड उघडेना. पुजाऱ्याने दोनदा मागे वळून पाहिलं. होकाराशिवाय पुढे जाता येत नव्हतं आणि सत्यवान नारळ धरून तसाच उभा होता. शेवटी बायकांतून म्हाताऱ्या राधाबाई म्हणाल्या, "व्हय म्हाराजा." मग पुढचे म्हणाले, मागचे म्हणाले, आणि भाईच्या दुकानासमोर पोट धरून हसणारेही खाली बघत म्हणाले. एकच आवाज यायचा राहिला.

सत्यवान मागे वळला. "भ-भ-भाई," तो म्हणाला, "तुझां ऱ्हवलां."

कोणी हसलं नाही. आईचा पदर धरून उभी असलेली अवनी भाईच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. भाईचे ओठ हलले, पुन्हा हलले, पण त्यातून शब्द काही बाहेर पडेना.