पाण्यातला मुकादम

माझी मावशी घाणीवर सूड उगवते. स्वच्छतेची आवड वगैरे शब्द तिच्या बाबतीत फारच मवाळ आहेत. एका मोठ्या रुग्णालयात ऑपरेशन थिएटरची सफाई करण्यात तिची नोकरी सरली आणि तिथला एकच धडा तिच्या हाडीमांसी भिनला: माणूस दुखण्यानं मरत नाही, कुणीतरी नीट न पुसल्यामुळं मरतो. आम्ही भाचरं तिला फिनेलमावशी म्हणतो. तिला ते ठाऊक आहे, आणि मनातून आवडतंही. तिच्याकडे गेलं की आधी चपला दाराबाहेर, मग हात साबणानं, आणि त्यानंतर 'कशी आहेस'.

काका पाट्या रंगवायचे. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, शाळांच्या. पट्टी न लावता त्यांनी ओढलेली रेघ पट्टीनं ओढल्यासारखी यायची. त्यांच्या नेमक्या उजव्या अंगावरून वारं गेलं. पाय ओढत का होईना चालू लागला, जीभ जड झाली, आणि हात मात्र मांडीवर पडला तो पडलाच. व्यायाम घ्यायला येणाऱ्या ताईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं की येत्या काही महिन्यांत हात जेवढा हलेल तेवढाच जन्मभर उरेल. काका ताईंनी दिलेला रबरी चेंडू बघितला की तोंड फिरवायचे. मावशी ओरडायची, विनवायची, मग न्हाणीघरात जाऊन फरशी घासत बसायची.

आजाऱ्याकडे फळं काय न्यायची, म्हणून मी काकांसाठी काचेच्या छोट्या टाकीसकट एक फायटर मासा नेला. दुकानात त्याला बेट्टा म्हणतात. गर्द लाल अंग, आणि पदर सोडावा तशी मागं पसरलेली शेपटी. काकांनी डाव्या हातानं उजवा हात उचलून बोट काचेला टेकवलं, तर हा गाल फुगवून थेट अंगावर आला. काका हसले. दुखणं आल्यापासून ते पहिल्यांदाच हसत होते.

त्याची ती ऐट बघून मी त्याचं नाव मुकादम ठेवलं. रुग्णालयातल्या मुकादमाशी मावशीचा उभा दावा होता. मी तिला म्हटलं, "इतकी वर्षं मुकादमाला पाण्यात पाहिलंस, आता खरोखरच पाहा." तिनं मला दाराबाहेर काढायचं तेवढं बाकी ठेवलं.

पण काकांचा हात हलायला लागला. आधी बोट, मग मनगट. काही आठवड्यांत डाव्या हाताच्या मदतीशिवाय कोपर टेबलावरून उचललं जाऊ लागलं. मुकादम बोटामागं उजवीकडे, डावीकडे, वर. ताईंनी चेंडू पिशवीत टाकला आणि म्हणाल्या की माझं काम हा मासाच करतोय. मावशी त्या दिवशी मुकादमाला 'अहो मुकादम' म्हणाली.

नतद्रष्टपणा पुढं तिनंच केला, आणि तोही मायेपोटी. टाकी बोडकी दिसते म्हणून तिनं शोकेसमधली प्लॅस्टिकची फुलं खसखसून धुऊन आत खोवली. त्यांच्या पाकळ्यांना करवतीसारखी धार होती. मुकादमाची शेपटी दोन ठिकाणी फाटली आणि फाटल्या कडा हळूहळू काळ्या पडू लागल्या.

आता मावशीला शत्रू सापडला, जखमेतले जंतू. ती त्या जंतूंच्या हात धुऊन मागं लागली. फुलं गेली कचऱ्यात. रोज सकाळी टाकीतलं सगळं पाणी ओतायचं, काच घासायची, खालचे खडे आणि फिल्टरमधला स्पंज मोठ्या पातेल्यात उकळायचा, आणि नळाखाली टाकी भरून मुकादमाला पुन्हा आत सोडायचं. माशांच्या दुकानातून निळं औषध आणलं, ते सांगितल्याच्या दुप्पट घालायचं. टाकी अशी लखलखायची की आत ऑपरेशन करावं. आणि शेपटी रोज थोडी थोडी झडत होती.

मग मुकादम तळाशी आडवा पडला. पदराच्या जागी चार काड्या उरल्या होत्या. काका बोट काचेवर ठेवायचे, तो हलायचा नाही. बोट तिथंच राहायचं, बराच वेळ, आणि मग हात घसरून मांडीवर यायचा. पुढं पुढं काकांनी हात उचलायचंच सोडलं. जेवण अर्धं टाकू लागले. ताईंनी त्यांची बोटं उघडून बघितली आणि पिशवीतला चेंडू पुन्हा बाहेर काढला. तेव्हा मावशीच्या तोंडचं पाणी पळालं.

मी म्हटलं, तसाच लाल मासा दुसरा आणते. मावशीनं माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "लालात दहा लाल ओळखणारा माणूस आहे हा," ती म्हणाली. "त्याला फसवायला निघालीस होय?"

शेवटी मी दुकानदाराला घरीच घेऊन आले. बिचारा दुकान बंद करून आला. त्यानं टाकी बघितली, पाण्यात बोट घातलं, आणि विचारलं की स्पंज कधी धुतला होता. मावशी अभिमानानं म्हणाली, आज सकाळीच उकळला. तो खाली बसला.

"मावशी, त्या स्पंजात चांगले जंतू असतात. माशाची घाण तेच खातात. तुम्ही त्यांनाच रोज मारताय. वर नळाचं गार पाणी, त्यात क्लोरीन. ह्याची कातडी जळतेय."

त्यानं सांगितलेलं सोपं होतं. निळं औषध बंद. पाणी कोमट ठेवायला छोटा हीटर. बदलायचं ते थोडंसंच पाणी, क्लोरीन मारणारे थेंब घालून, टाकीइतकंच कोमट करून. त्याच्या दुकानातल्या जुन्या टाकीतला मळका स्पंज त्यानं पाठवून दिला आणि तो धुवायचा नाही अशी तंबी दिली. जगेल का, असं मावशीनं विचारलं. तो म्हणाला, उशीर झालाय, पण बघू.

तो तपकिरी, बुळबुळीत स्पंज टाकीत सोडताना मावशीचा चेहरा मी विसरणार नाही. आपल्या हातानं विष घालत असल्यासारखा तिनं तो दोन बोटांच्या चिमटीत धरला होता. पुढचे दिवस तिनं कसे काढले तिचं तिला ठाऊक. काचेवर शेवाळाची पुसट झाक धरायची, तळाशी काहीबाही साठायचं, आणि ही टाकीसमोर हात मांडीखाली दाबून बसायची. काका पलीकडच्या खुर्चीत, तेही टाकीकडेच बघत. एकदा भाजी निवडताना ती मला म्हणाली, "घाणीत ठेवून कुणी बरं झालेलं मी आजवर पाहिलं नाही गं. हा मेला की ह्यांचा हात गेला. आणि मी नुसती बसून राहायचं?" तिला माझ्यासमोर रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. मी भाजी निवडत राहिले.

मुकादम मेला नाही, पण उठलाही नाही. एखादा दाणा खायचा आणि पुन्हा तळाशी.

आणि एका दुपारी मावशीला त्याच्या शेपटीच्या कडेला पांढुरकं काहीतरी दिसलं. तिनं चष्मा पुसून पुन्हा बघितलं. मग तिचा बांध फुटला. बुरशी आली, म्हणाली, मेल्या दुकानदाराचं ऐकलं आणि बुरशी आली. मी थांब थांब म्हणेपर्यंत तिनं हातमोजे चढवले, गॅसवर पातेलं ठेवलं, आणि मुकादमाला काढायला जाळी घेऊन टाकीशी आली. तिनं हात पाण्यावर नेला आणि तो तिथंच अडकला.

काकांनी तिचं मनगट धरलं होतं.

"सोडा हो," ती त्यांच्याकडे न बघताच खेकसली. "सडतोय तो, दिसत नाही का तुम्हाला?"

काकांनी ओठ जुळवले. जीभ वळेना. मान हलवत त्यांनी दोनदा प्रयत्न केला आणि मग शब्द आला.

"नवं," काका म्हणाले.

मी वाकून बघितलं. आधी झडणाऱ्या कडा काळ्या आणि चिंध्या झालेल्या असायच्या. ही कड अखंड होती, आरपार दिसणारी, अजून रंग न भरलेली. शेपटी उगवत होती. मी मावशीला तेच सांगत होते, पण तिचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. तिची नजर टाकीवरून तिच्या मनगटावर आली होती. काकांचा डावा हात खुर्चीच्या दांड्यावर होता.

तिनं जाळी सोडून दिली. पातेल्यातलं पाणी उकळून गॅसवर सांडत होतं, तिकडेही तिनं पाहिलं नाही.

"सोडू नका," ती म्हणाली. "मला दुखलं तरी सोडू नका."

काका सोडत नव्हते.