चार पंपांची टाकी

गेल्या उन्हाळ्यात एका रविवारी सकाळी आमच्या बैठकीतल्या काचेच्या टाकीचे पाणी हिरवे झाले. आत मासे होते. त्याला त्या वेळी दुजोरा मिळू शकला नाही.

टाकी मी आणली होती. तळाशी माती, वर खऱ्याखुऱ्या पाणवनस्पती, मध्ये गप्पी मासे. आमच्या शहरात नळाला आठवड्यातून एकदा पाणी येते (येईल, असे सांगितले जाते). त्यामुळे पत्नी शोभाने पहिल्याच दिवशी बजावले होते.

"ड्रमातल्या पाण्याला हात लावला, की टाकी उचलायची. मग मासे ठेवा नायतर बटाटे, मला काय!"

महिन्याभरात वनस्पती पिवळ्या पडू लागल्या. दुकानदाराने खताची इवलीशी बाटली दाखवली. किंमत ऐकून मी लेबल वाचले. नत्र, स्फुरद, पालाश. हेच शब्द मी सासऱ्यांकडे, देवगाव रंगारीला, खताच्या पिशवीवर वाचले होते. माहिती दोन ठिकाणांहून पडताळावी, हा आमच्या बातमीदारीच्या धंद्यातला नियम. मी तो पाळला आणि माझ्या गाढवपणाला दोन पुरावे मिळाले.

"मामा, कपाशीला ठिबकमधून सोडता ते खत पाण्यातल्या झाडांना चालेल का?"

"न चालायला काय झालं? झाडंच हायत ना? पंपाला काडेपेटीभर टाका, जावईबापू."

पंप म्हणजे पाठीवरचा फवारणीचा पंप, साधारण पंधरा लिटर पाण्याचा. त्या हिशेबाने माझी टाकी चार पंपांची भरली. मासे लहान, म्हणून चार काडेपेट्यांऐवजी मी त्यांच्याकडून आणलेले खत चार चिमटी टाकले. (याला मी तेव्हा शास्त्रीय दृष्टिकोन म्हणत होतो!) झाडांनी खत घेतले नाही. शेवाळाने घेतले, आणि तो रविवार उजाडला.

मी दुकानदाराला फोन केला.

"किसने बोला था खेत की खाद डालने को?"

"सासऱ्यांनी."

"तो पानी भी ससुर से मंगाव! आधा बदली करो, आज के आज!"

आज के आज शक्य नव्हते, शोभा घरात होती. सोमवारी ती चिकलठाण्याला कामावर गेली आणि मी ड्रमाला हात लावला. टाकीतले निम्मे हिरवे पाणी बादल्यांत काढून न्हाणीच्या कोपऱ्यात झाकून ठेवले. फेकले नाही. पाणी फेकणाऱ्याकडे आमच्या गल्लीत चोराकडे पाहावे तसे पाहतात. मंगळवारी नळाची पाळी होती, ड्रम गुपचूप भरून टाकू असा बेत होता.

मंगळवारी जलवाहिनी फुटली. संध्याकाळी वीज गेली. पाठोपाठ, न कळवता, घामाघूम सासरे आले!

"शोभे, आधी आंघोळ करतो. न्हाणीत बादल्या भरलेल्याच दिसतायत."

सांगायची वेळ हीच होती. मी चहा टाकायला गेलो.

सासरे बाहेर आले तेवढ्यात वीज आली. मिशा हिरवट, कानामागे पाणवनस्पतीचे एक पान.

"साबणाला फेसच येईना. अन् वास कसला गं मारतंय पाणी?"

शोभाने ड्रमाचे झाकण उचलले. तळ दिसला.

"अहो, पाणी कुठंय?"

"टाकीत."

"आन् बाबांनी अंगावर घेतलं ते?"

"ते... आधी टाकीत होतं."

सासऱ्यांनी कानामागचे पान काढून निरखले. "जावईबापू, काडेपेटीभरच टाकलं होतं ना?"

"नाही मामा, पंपाला एक चिमूट."

"मग वाचलो. काडेपेटी टाकली असती तर मला पालवी फुटली असती!"

शोभा हसली नाही. टाकीचा दिवा तिने स्वतः बंद केला.

दुसऱ्या दिवशी मासे कॅनमधून सासऱ्यांच्या शेततळ्यात गेले. सगळे जिवंत पोचले. टाकी धुऊन ड्रमाशेजारी ठेवण्यात आली असून तीत वापरायचे पाणी साठवले जाते. काल संध्याकाळी भांडी त्याच पाण्याने घासली गेली. घासणारा मी होतो.