तळ्यापर्यंतची वाट

खेळायला बसण्याआधी माधवभाऊजी पायात बूट घालत. नांदेडच्या मे महिन्यात, घरातल्या घरात, नाड्या नीट बांधून. मग शेजारच्या पलंगावर सुमनच्या पायांवर शाल टाकत आणि म्हणत, "चला. वर थंडी हाय."

मुलांनो, या धाकट्या आजोबांना तुम्ही पाहिलं नाहीत. ते माझे दीर, वीज खात्यातून निवृत्त झालेले. सुमन त्यांची बायको. अर्धांगवायूनं तिची डावी बाजू गेली आणि दोघांचं संध्याकाळचं फिरणं थांबलं. त्यांच्या मुलाचा गेम खेळायचा कॉम्प्युटर घरात पडून होता. त्यात एक खेळ असा होता, की मारामारी नाही, नुसतं चालायचं. झाडांतून, बर्फातून, एका डोंगराकडे. डोंगरापलीकडे तळं आहे, असं मुलानं पुण्याहून फोनवर सांगितलेलं. सुमनला ते बघायचं होतं. आजारपणानंतर तिनं दुसरं काही मागितलंच नव्हतं.

मी तिथंच तूर निवडत बसे. पडद्यावरचं धुकं हळूहळू खोलीत उतरल्यासारखं वाटे, बाहेरच्या रिक्षांचे आवाज दूर जात, आणि माझे हात ताटात तसेच राहत.

"माहूरच्या पायऱ्यांपेक्षा हे बरं," सुमन सावकाश, शब्द जुळवत म्हणे. "दम लागत न्हाई."

"मला लागून राहिला की!" भाऊजी म्हणत.

पण शेवटची चढण लागली, की कॉम्प्युटरच्या आतला पंखा घोंघावू लागे, बर्फावर रंगीत चौकोन उमटत आणि पडदा काळा होई. सुमन डोळे मिटून घेई. भाऊजी मात्र कधी चिडले नाहीत. "घाई न्हाई वहिनी. एका टायमाला एकच बदलायचं. दोन बदलले तर चोर कोण होता, कळंल कसं?"

त्यांनी चित्रं उमटवणाऱ्या ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा प्रोग्रॅम, काढून नवा टाकला. मग वायरी घट्ट केल्या. मग कार्ड बाहेर काढून ब्रशनं धूळ झाडली. मित्राकडून दुसरा पॉवर सप्लाय आणून लावला. प्रत्येक वेळी काम झालं की कॉम्प्युटरच्या डब्यावर कापडी कव्हर पुन्हा चढवत, आणि प्रत्येक वेळी त्याच चढणीवर अंधार होई.

शेवटी त्यांनी पडद्याच्या कोपऱ्यात कार्डाचं तापमान दिसेल असं केलं. आम्ही चढत गेलो तसा आकडाही चढत गेला. मी म्हटलं, "अहो भाऊजी, मग हा झगा काढा की त्याचा!"

आपल्याकडे मिक्सरपासून टीव्हीपर्यंत सगळ्यांना कपडे असतात, तसं तेही कव्हर. जुन्या इरकल साडीचं, झालर लावलेलं, मागून नाडीनं गच्च बांधलेलं. हात गेला त्याआधी सुमननं शिवलेलं ते शेवटचं.

भाऊजी हळूच म्हणाले, "ते सोडून बाकी सगळं बघू."

"ऐकू येऊन राहिलं मला," पलंगावरून सुमन म्हणाली. "माझ्या फडक्यात त्याचा जीव घुसमटला, अन् तुम्ही औषधं बदलून राहिलात?"

"राहू दे ना."

"फडकं हाय ते. मला तळं बघायचंय."

तिनं उजवा हात पुढे केला. भाऊजींनी डबा उचलून तिच्याजवळ नेला. नाडी तिनंच ओढली.

त्या संध्याकाळी पंखा एका लयीत चालत राहिला. चढण संपली, धुकं विरलं, आणि खाली निळंकाळं पाणी दिसलं, इतकं स्तब्ध की आम्हीही हळू बोलू लागलो. भाऊजींनी पडद्यावरच्या माणसाला काठावरच्या दगडावर बसवलं.

"आता पुढं कुठं?" त्यांनी विचारलं.

"कुठंच न्हाई," सुमन म्हणाली. "बसा."

हिवाळ्यात भाऊजी झोपेतच गेले. तेरावं झाल्यावर मुलानं विचारलं, "आई, कॉम्प्युटर नेऊ का आता?"

"नको," सुमन म्हणाली. "ते तिथं बसलेत. बसू दे."