सैल पेड

१२ ऑक्टोबर १९८८. पुरानंतर आलेल्या तापाने सुदानमधल्या ओमदुरमान शहराच्या एका गल्लीतली नऊ माणसे अंथरुणाला खिळली होती. दोन गेली, सात उठली. गेलेल्यांत बतूलची आई होती, उठलेल्यांत बतूल.

शेजारच्या सित्तनाने मुलीला आपल्या पंखाखाली घेतले. तीस वर्षे ती बायकांच्या केसांचे बारीक, घट्ट पेड घालीत आली होती. तिचा पेड महिनाभर हलत नसे; तिचा लौकिक त्यावरच उभा होता.

जानेवारीत बतूलचे केस मुठीमुठीने गळू लागले. लग्न ठरलेले होते, आणि लग्नात नवरीने बायकांपुढे उघड्या डोक्याने नाचायचे असते. गल्ली म्हणाली, दृष्ट लागली. सित्तनाचे निदान वेगळे होते.

"तापानं मुळं सैल झालीत गं. घट्ट बांधली की धरून राहतील."

"खाला, कानशिलं ठणकतायत."

"ठणकू देत. जोर धरतायत म्हणून ठणकतात."

दारातून शेजारीण ओरडली, "सित्तना, डोळे मिटण्यापुरती तरी कातडी ठेव पोरीला! नवरा म्हणेल, ही टक लावून का बघते?"

बतूलही हसली. तिच्या डोळ्यांत पाणी होते. ते हसण्याचेच असावे, असे सित्तनाने गृहीत धरले.

दीड वर्ष दर पंधरा दिवसांनी पेड सुटले आणि पुन्हा आवळले गेले. मधले केस दाट झाले. कपाळाची कड आणि कानशिले मात्र तुळतुळीत झाली. लग्न चार महिन्यांवर आले, तेव्हा दोघी नदीपलीकडच्या इस्पितळात गेल्या.

डॉक्टरीणबाईंनी भिंगातून पाहिले. "मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी केस गळतात, आणि आपोआप परत येतात. तुझे मधले आलेच आहेत. कडेचे तापानं नाही, ओढण्यानं गेले. वेळीच सैल सोडले असते तर तेही आले असते. आता मुळांच्या जागी व्रण आहेत. रक्त कमी आहे, लोहाच्या गोळ्या देते, पण त्यांनी ही जागा भरायची नाही. कुणी घातले हे पेड?"

सित्तनाने दोन्ही हात पदराखाली घेतले.

"बाजारातली एक बाई आहे," बतूल म्हणाली.

"तिला सांगा, आणखी पोरींचं वाटोळं करू नकोस म्हणावं."

"सांगू," सित्तना म्हणाली.

बसमध्ये बतूलने डोक्यावरचा पदर भुवयांपर्यंत ओढून घेतला.

लग्नात ती नाचली नाही. आई नाही म्हणून नाचत नाही, असे तिने सांगितले, आणि बायकांनी डोळे पुसले. सित्तनाही त्यांच्यातच बसली होती.

त्यानंतर सित्तना सैल पेड घालू लागली. ते आठवडाभरही टिकेनात. "हात म्हातारे झाले गं हिचे," म्हणत गिऱ्हाइके दुसरीकडे गेली. तिने ते ऐकून घेतले. खरे कारण सांगायचे तर बतूलचे नाव घ्यावे लागेल, अशी तिने मनाची समजूत घातली होती. जे ठाऊक नव्हते त्याचा दोष तिला देता येणार नाही. ठाऊक झाल्यावर ती गप्प राहिली, हे तिचे तिलाही नाकारता येत नव्हते.

बतूल अजून ईदला येते, तिच्यापुढे बसून डोके पुढे करते. सित्तना हलक्या हाताने भांग पाडते, उघड्या कानशिलांवर तेल लावते.

माफी तिने अजून मागितलेली नाही.