केमचं इंजिन

आमच्या अंगणात एक जुनी विलायती मोटार उभी होती. तिला चार चाकं होती, पितळेचे दिवे होते, रबरी भोंगा होता. तो दाबला की शेजारची म्हैस उठून उभी राहायची. इंजिन तेवढं नव्हतं. अण्णा, म्हणजे माझे वडील, त्याला 'किरकोळ काम राहिलंय' म्हणत. मी शाळेत शिकत होते तेव्हापासून ते काम राहिलं होतं, आणि मी शाळेत शिकवायला लागले तरी राहिलेलंच होतं.

मोटार मूळची एका वकिलांची. ते वारल्यावर मुलांनी बंगला रिकामा करायला काढला आणि ओळखीतल्या अण्णांना सांगितलं, घेऊन जा, जागा तरी मोकळी होईल. त्यांची जागा मोकळी झाली, आमची अडली. बैलजोडी जुंपून मोटार गल्लीत आणली तेव्हा अण्णा स्टिअरिंग धरून आत बसले होते आणि वळण आलं की खिडकीतून हात बाहेर काढून दाखवत होते. बैल पुढे होते, त्यांना तो दिसत नव्हता.

अण्णा सोलापूरच्या गिरणीत हेडक्लार्क. संध्याकाळचा भोंगा झाला की घरी यायचे, चहाचा कप घेऊन मोटारीत बसायचे आणि स्टिअरिंगवर वर्तमानपत्र टेकवून वाचायचे. दुपारी बॉनेट चांगलं तापायचं म्हणून आई त्यावर कुरडया वाळत घालायची. मोटारीचा खरा उपयोग तेवढाच होता, आणि तो अण्णांना अपमानाचा वाटायचा.

बहात्तरचा दुष्काळ मागे पडल्यावर एका उन्हाळ्यात माझ्यासाठी केम गावचं स्थळ आलं. मुलगा सोलापुरातच सरकारी कचेरीत कारकून, खोली घेऊन राहणारा. वडील गावी शेती बघायचे. सगळं चांगलं होतं, एक सोडून. मध्यस्थ म्हणाला, "मुलाच्या वडलांचं म्हणणं, सून घरात हवी. म्हणजे केमच्या घरात." म्हणजे मुलगा सोलापुरात, मी केमला, आणि माझी शाळा कुठेच नाही. मुलींच्या शाळेत मी नुकतीच कायम झाले होते. चौथीचा वर्ग माझ्याकडे होता आणि त्या पोरींवर माझा जीव होता. मी अण्णांना स्वच्छ सांगितलं, लग्नाला माझी ना नाही, पण शाळा सोडणार नाही. एवढं आधी विचारून घ्या.

"विचारतो की. त्यात काय?" अण्णा म्हणाले.

ठरल्या दिवशी मुलगा, त्याचे वडील आणि मध्यस्थ आले. मुलाचे वडील उंच, डोक्याला पटका. ते दारातून आत येण्याऐवजी मोटारीपाशीच थांबले. आईनं घाईघाईनं कुरडया उचलल्या. त्यांनी मोटारीच्या पुढच्या जाळीवरून हात फिरवला.

"ही जाळी वळखीची हाय," ते म्हणाले. "आसल्याच मोटारीचं इंजिन आमच्या गोठ्यात हाय की."

कुणा कंत्राटदाराची मोटार फार वर्षांपूर्वी केमच्या ओढ्यात अडकून मोडली होती. यांच्या वडलांनी तिचं इंजिन काढून विहिरीवर पाणी उपसायला लावलं. पुढे विजेची मोटर आली आणि इंजिन गोठ्यात गेलं. अण्णा हे ऐकत असताना त्यांचा चेहरा मी बघितला. माझा बी. ए. चा निकाल लागला तेव्हाही तो इतका उजळला नव्हता.

मी पोहे घेऊन बाहेर आले. मुलीला चालायला लावतात, वाचायला लावतात, भाकरी येते का विचारतात, असं मैत्रिणींकडून ऐकून मी पूर्ण तयारीत होते. मला कुणी नावसुद्धा विचारलं नाही. मुलानं तेवढं बशी घेताना हळूच विचारलं, "कितवीला शिकवता?" मी म्हणाले, "चौथीला." तेवढ्यात त्याचे वडील म्हणाले, "हँडल मारलं की येका झटक्यात सुरू व्हायचं बगा." ते माझ्याबद्दल नव्हतं.

निघताना त्यांनी मुलगी पसंत असल्याचं सांगितलं. अण्णा म्हणाले, "मग इंजिन बघायला कधी येऊ?"

आमच्याकडे मुलगी पसंत पडली की मुलीकडच्या पुरुषांनी मुलाचं घर बघायला जायचं. घर कसं, पाणी किती लांब, माणसं कशी, सगळं नजरेखालून घालायचं. मुलीनं जायचं नसतं. तिला तिथं फक्त आयुष्य काढायचं असतं. त्याप्रमाणे अण्णा आणि काका पॅसेंजरनं केमला गेले आणि परत आले ते कोपरापर्यंत काळे होऊन.

"घर कसं आहे?" आईनं विचारलं.

"गोठा चांगला मोठा आहे," अण्णा म्हणाले.

"आणि मुलगा?"

"होता की. कंदील धरून उभा होता. आत अंधार फार."

"काय बोलला?"

"कंदील धरल्यावर काय बोलणार?" काका म्हणाले.

"आणि माझी शाळा?" मी विचारलं.

अण्णा साबण शोधायला लागले. ते विचारायचं राहिलं होतं. इंजिनात रॉकेल ओतून ठेवलंय, मुरलं की फिरेल, हे मात्र त्यांनी न विचारता सांगितलं. मला इतका संताप आला की मी त्या दिवशी त्यांच्याशी बोलले नाही. ते त्यांच्या लक्षातही आलं नाही, कारण ते मोटारीत बसले होते.

इंजिन घ्यायचं की नाही यावर मग आमच्या ओट्यावर अण्णा-काकांची रोज बैठक बसू लागली. माझ्या लग्नाला पोह्यांची एक बशी पुरली होती. इंजिनाला ते दोघं महिनाभर पुरेनात. पेच मोठा होता. किंमत विचारावी तर व्याह्याशी बाजार मांडल्यासारखं होतं. न विचारता आणावं तर मुलीच्या बापानंच उलटा हुंडा घेतला, असं लोक म्हणतील. नको म्हणावं तर त्यांच्या वस्तूला नाव ठेवल्यासारखं. आणि ते चालतं का, हे तर विचारायचीच सोय नाही. होऊ घातलेल्या व्याह्याच्या गोठ्यातली वस्तू बिघडलेली असेल, असं मनात आणणंसुद्धा वाईट. सोलापुरात हुशार मिस्त्रींचा तोटा नव्हता, पण मिस्त्री नेला असता तर संशय घेतल्यासारखं झालं असतं.

"देवाचं नाव घेऊन, घेऊन टाकू," काका म्हणाले.

"आधी इंजिन ठरवताय का आधी पोरगी?" आईनं आतून विचारलं. दोघंही एकमेकांकडे बघू लागले. त्यांनाही ते नक्की माहीत नव्हतं.

रॉकेल मुरलं असेल अशा बेतानं दुसरी फेरी ठरली, तेव्हा आई म्हणाली, "हिला न्या बरोबर. इंजिनावरची इंग्रजी पट्टी वाचायला." अण्णा गिरणीत दिवसभर इंग्रजीच लिहायचे, हे आईला माहीत होतं, अण्णांना माहीत होतं, काकांनाही होतं. पण कारण मिळालं की आमच्याकडे त्याची जास्त चौकशी करत नाहीत. मी गेले.

गोठ्यात इंजिन पोत्यांवर मांडलं होतं. त्याला हळदकुंकू लावलं होतं, झेंडूचा हार घातला होता, आणि रॉकेलच्या वासानं म्हशी तोंडं फिरवून उभ्या होत्या. मुलगा कंदील धरून होता. अण्णांनी मला पुढं केलं. मी पट्टी वाचली, म्हणजे गंज वाचला; अक्षर एकही उरलं नव्हतं.

मुलाच्या वडलांनी हँडल लावलं आणि जोर केला. पटका कानावर आला, इंजिन होतं तसंच राहिलं.

"थंड हाय जरा," ते म्हणाले. वैशाख होता; माठातलं पाणीसुद्धा कोमट लागत होतं. मग अण्णांनी जोर केला.

"हललं, हललं," काका म्हणाले. खालचं पोतं हललं होतं.

मी मुलाकडे बघितलं. तो कंदिलाकडे बघत होता. तीन मोठी माणसं एका गंजलेल्या लोखंडाचा मान राखत उभी होती आणि माझ्या शाळेचा विषय आजही निघणार नव्हता, हे मला स्पष्ट दिसलं.

"हे इंजिन जाम आहे," मी म्हणाले.

अण्णा खोकले. काकांनी टोपी काढून पुन्हा घातली. मुलाच्या वडलांनी माझ्याकडे पहिल्यांदाच नीट बघितलं.

"जाम? कोण म्हनतंय जाम?"

"जाम हाय, बाबा," मुलगा म्हणाला. "गेल्या पावसाळ्यात छप्पर गळलं, तवाच पाणी शिरलं आत. मी तुमाला सांगितलं हुतं."

तो मला तेव्हा आवडला. दिसायला बेताचाच होता, पण त्या गोठ्यात खरं बोलणारा तेवढाच एक निघाला. त्याचे वडील मात्र इरेला पेटले. त्यांनी सदऱ्याच्या बाह्या सारल्या आणि पुन्हा हँडलाला भिडले. मी ठरवलं, आता नाही तर कधीच नाही.

"लग्नानंतर मी शाळा सोडावी, असं तुमचं म्हणणं आहे का?" मी त्याला विचारलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"कशाला?" तो म्हणाला. "मी सोलापुरात, शाळा सोलापुरात. तुम्ही इथं राहून काय करणार?"

"वडलांना सांगा की मग."

"बाबा," तो मोठ्यानं म्हणाला, "ह्या नोकरी करणार हायत. सोलापुरातच राहणार."

"व्हय, व्हय," ते धापा टाकत म्हणाले. "जरा सरकून हुबं ऱ्हावा की, हँडल लागंल कुनाला तरी."

अण्णांना आयुष्यात क्वचित सुचायचं, पण तेव्हा सुचलं. "ठरलं तर मग," ते म्हणाले आणि त्यांनी काकांना डोळ्यानं खुणावलं. इंजिन ठरलं तर वाटायला म्हणून काकांनी पेढे आणले होते, ते त्यांनी तिथंच सगळ्यांच्या हातावर ठेवले. मुलाच्या वडलांनीही घाम पुसून एक खाल्ला. त्यांना वाटलं, तो इंजिनाचा.

एकदा पेढा खाल्ल्यावर मागं फिरता येत नाही, त्यामुळे इंजिनही घ्यावंच लागलं. किमतीचा पेच मुलाच्या वडलांनीच सोडवला. लग्नाच्या वऱ्हाडाच्या ट्रकमधून, वाजंत्र्यांच्या शेजारी बसवून, ते आहेर म्हणून पाठवून दिलं. चार हमालांनी ते मोटारीत बसवलं. ते कधीच सुरू झालं नाही. पण अण्णा आता चहा घेऊन मोटारीत बसले की वेगळे दिसायचे. किरकोळ कामही राहिलेलं नाही अशा माणसासारखे. आईच्या कुरडया गच्चीवर गेल्या.

आम्ही त्याच गल्लीत खोली घेतली. सासऱ्यांना आमच्याकडे मामा म्हणतात. मामा सोलापूरला आले की आधी अण्णांकडे जाऊन बॉनेट उचलून बघायचे. "कसं चाललंय?" ते विचारायचे. "झकास," अण्णा म्हणायचे. दोघंही बॉनेट हळू लावायचे आणि चहाला बसायचे.

बऱ्याच वर्षांनी एकदा असेच ते सकाळी आमच्या खोलीवर आले होते. बाहेर आभाळ आलं होतं आणि मी डबा भरून शाळेला निघाले होते. ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले.

"सूनबाई, तुज्या नोकरीचं कवा ठरलं गं? मला कुनी इचारल्यालं आठवत न्हाय."

"तुमच्या गोठ्यात ठरलं, मामा. सगळ्यांसमोर. तुम्ही पेढाही खाल्लात."

त्यांनी आठवून बघितलं. मी पिशवी हातात धरून उभी राहिले.

"मी हँडल मारत हुतो व्हय," ते शेवटी म्हणाले. मग दाराआडची छत्री काढून त्यांनी माझ्या हातात दिली. "जा आता. घंटा हुईल."