हिंगणबेटावरचं पाखरू

दर्यापूरकडे माझ्या मावसभावाचं शेत आहे. त्याच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, हिंगणबेटाची एक काटेरी जाळी होती. होती म्हणतो, कारण आता नाही.

मी अकोल्याच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो. शिकवतो म्हणजे नोट्स देतो. मुलं त्या पाठ करतात आणि परीक्षा झाली की विसरतात. नोकरी संपत आली तरी हे मी केलं असं सांगण्यासारखं माझ्याजवळ काही नव्हतं. ते मला फार लागत होतं. लोक म्हणायचे, काय करायचंय आता, पेन्शन घ्या अन् मजेत राहा. चीड यायची.

अशातच एकदा हुरडा खायला गेलो असताना हिंगणबेटाच्या पानावर नागमोडी पांढरी रेघ दिसली. पानाच्या आतच राहून गर खात पुढे सरकणारी अळी अशी रेघ सोडते. रेघा असलेली पानं तोडून मी घरी नेली आणि प्लास्टिकच्या डब्यात ठेवली. बाकी अळ्या आतल्या आत मेल्या. एकच पतंग निघाला, तिळाएवढा. भिंगाखाली मात्र राखाडी पंखांवर तांबूस पट्टा, डोक्यावर पिवळट केसांचा झुपका, असा त्याचा थाट.

इतक्या लहान पतंगांची ओळख पंखांवरून पटत नाही. पोट वेगळं करून कॉस्टिक पोटॅशमध्ये तापवायचं, मऊ झालं की आतली जननेंद्रियं सोडवून काचपट्टीवर बसवायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची. माझा नर निघाला. फोटो या विषयातल्या जाणकाराला पाठवले. त्याचं उत्तर आलं, जात नवी दिसते, पण जवळच्या एका जातीचे नर बरेचसे असेच असतात. खात्री हवी तर मादी शोधा.

मग मी मादीच्या मागे लागलो. भातकुलीकडची हिंगणबेटं पाहिली, मोर्शीच्या रस्त्यावरची पाहिली. पानं कोरी. रेघा फक्त भावाच्या धुऱ्यावर, त्याही जुन्या, अळी निघून गेलेल्या. ताज्या अळीसाठी पुन्हा थंडीतच यावं लागणार होतं. त्याच खेपेला जाळीत शिरताना काटा चप्पल फोडून टाचेत गेला. वहिनीने सुईने काढला, आणि मी लंगडतच जीप पकडली.

पुढच्या हिवाळ्यात गेलो तर धुरा मोकळा. नांगरल्यासारखी उघडी माती, एका बाजूला राखेचा ढीग, आणि जाळीच्या जागी प्लास्टिकची खुर्ची. भाऊ हसत समोर आला.

"मागच्या खेपीले लंगडत गेल्ता ना तू? पांदण रस्त्याच्या कामाले जेसीबी आला व्हता, म्हटलं आपल्या भावाची जागा साफ करून घ्या. मुळासकट काढलं. बस आता खुर्चीवर अन् पाह्य तुहे पाखरं."

मी राखेच्या ढिगापाशी जाऊन उभा राहिलो.

"कावून तोंड पाडून राहिला?" तो म्हणाला. "पाखराले काय झाडाची कमी हाये? बोरीवर बशीन."

पतंगाच्या त्या अळीला बोर चालत नाही, हे त्याला सांगून आता काय होणार होतं? मला त्याचा राग आला, आणि माझ्यासाठीच केलंय म्हणून तो काढताही येईना. मी खुर्चीवर बसलो. वहिनीने चहा आणला. इतका कडू चहा मी आयुष्यात प्यायलो नसेन, साखर भरपूर असूनही.

शेवटी एका नरावरच वर्णन लिहिलं. जाणकाराने नाइलाजाने होकार दिला, आणि ते छापून आलं. त्यात मादीच्या मथळ्याखाली मी एकच शब्द लिहिला आहे: अज्ञात. आढळस्थानात भावाच्या गावाचं नाव आहे. ज्याची वाट पाहत आयुष्य गेलं ते हातात आलं, आणि मला आनंद झाला नाही.

छापील पानं घेऊन त्याच्याकडे गेलो. तो कितीतरी वेळ पतंगाचा मोठा केलेला फोटो पाहत राहिला. घरी आलेल्या प्रत्येकाला सांगत होता, हे आमच्या धुऱ्यावरचं हाये, जगात दुसरीकडं नाही. निघताना जीपपर्यंत पोचवायला आला.

"फोटोत पाह्यलं," तो म्हणाला. "एक डाव मले जित्तं दाखव ना."

"दाखवतो," मी म्हणालो, आणि जीपमध्ये चढलो.